भाकड, भाकीत

गणपती बसायच्या आत सांगून टाकतो,
नंतर कुणी म्हणायला नको, बघून बोलला.
गंगावेशच्या कट्ट्यावर, चरवी गुडघ्यात धरून,
पेल्यासाठी थांबलेल्या गिऱ्हाइकांच्या देखत:
औंदा बफेलो फायनल गाठणार.

बफेलो म्हणजे गाव हाय, अमेरिकेतलं.
घोरपड्यांची शर्वाणी तिथं शिकती.
लहानपणी इथंच उभी राहायची,
फेसाच्या मिशा फ्रॉकच्या बाहीला पुसायची.
तिनं टोपी धाडली: निळी म्हैस,
झेप घेतलेली, अंगावर लाल पट्टा.
म्हटलं, ज्या गावानं म्हैस कपाळावर घेतली
ते गाव आपलं.
"काका, गवा आहे तो," फोनवर हसली.
असू दे. राधानगरीचा गवाबी
कधीमधी वाट चुकून पंचगंगेपर्यंत येतो,
त्याला काय आपण परका म्हणतो?

खेळ लगेच समजणार न्हाई, मला तीन वर्षं लागली.
नाव फुटबॉल, आणि पाय लावणारा एखादाच.
चेंडू सोललेल्या नारळागत,
पडला की कुठं उडंल त्याचं त्यालाच ठाऊक न्हाई.
पेठेतली पोरं मोबाईलात डोकावून विचारतात,
"दौलूमामा, ही कुस्ती हाय का पळापळी?"
दोन्ही. दहा पावलं जागा, चार डाव.
जमलं तर पुढची दहा, न्हाई तर जागा सोडायची.

तर ऐका.
पहिले तीन सामने जिंकणार.
चौथा हरणार, कारण तो आपल्याकडं सोमवारी पहाटे हाय
आणि मी त्या वेळी धारेला,
मोबाईल आंबोणाच्या घमेल्याला टेकवलेला.
आवाज केला तर चंद्री पान्हा चोरती.
मी ओरडलो न्हाई की ते हरतात. अनुभव हाय.

पाडव्याला सायलेन्सर काढलेल्या गाडीमागं
चंद्री धावंल, शिंगाला मोरपिसं,
आणि औंदा पाठीवर निळा रंग मारणार मी तिच्या.
त्या आठवड्यात मोठ्या फरकानं जिंकणार.
हे लिहून ठेवा.

मग तिकडं बर्फ पडंल.
गोठा झाडावा तसं लोक फावड्यानं बर्फ काढतात,
खालनं आपापली खुर्ची शोधतात, मग बसतात.
तशात कॅन्सस सिटीवाले आले, तर हरून जातील.
आपण त्यांच्याकडं गेलो तर...
पेला कुणाचा ऱ्हायलाय? घ्या.

मुजावर मास्तर हळूच विचारतात,
"दौलू, हे फायनल कधी जिंकलेत का रे?"
न्हाई.
चार वर्षं ओळीनं गेले, चारी वेळा हरले.
पहिल्यांदा तर शेवटच्या लाथेला
चेंडू खांबाच्या उजवीकडनं गेला. एवढाच, बोटभर वाटावा असा.
मी तेव्हा बापाच्या हाताखाली शेण काढत होतो,
त्या गावाचं नावबी कानावर नव्हतं,
तरी ती लाथ बघितली की
माझीच चरवी सांडल्यागत होतं.

कट्टा हसतो. हसू दे.
भाकड म्हैस सांभाळलीय का तुमच्यात कुणी?
महिनोन् महिने थेंब न्हाई,
तरी पेंड तीच, खरारा तोच,
आणि रात्री उठून एकदा तिच्याकडं बघायचं तेबी तसंच.
ते गाव माझ्या जन्माच्या आधीपासनं भाकड हाय
आणि दर रविवारी अख्खं मैदान भरतं.
मला दुसरं काय कळत न्हाई त्या खेळातलं,
एवढं कळतं.

तर फायनल फेब्रुवारीत, सोमवारी, पहाटे पाचला.
जिंकणार का, ते विचारू नका.
धारेला बसताना चरवी किती भरंल
हे गवळी तोंडानं बोलत न्हाई.

त्या दिवशी रतीब नऊनंतर येईल.
आत्ताच सांगून ठेवतो.